काशीत काय सोडावे? : मद्यपान आणि स्त्रीचे आरोग्य

काशीयात्रेला गेलेल्या माणसाने तेथे एखादी आवडती वस्तू सोडून यावी, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. कोणाच्या आजीने काशीत आंबा सोडलेला असतो, कोणाच्या आजोबांनी फणस. कारले आणि दोडका सोडून येणारेही असतातच. विश्वनाथाला ते कळत नाही असे मात्र त्यांनी समजू नये. मागच्या कार्तिकात आमच्या केंद्रातील भगिनींचा गट वाराणसीला गेला होता. दशाश्वमेध घाटावरची आरती पाहून धर्मशाळेत परतल्यावर प्रत्येकीने आपण काय सोडणार ते सांगायचे ठरले. कोणी दुपारचा चहा सोडला, कोणी मोबाईलवरच्या मालिका. शेवटी भिंतीला टेकून बसलेल्या एक ताई हळू आवाजात म्हणाल्या, "दारू सोडली तर चालेल का?"

सगळ्या हसल्या. "त्यासाठी आधी सुरू करावी लागेल हो!" असेही कोणी म्हणाले. ताई हसल्या नाहीत. मग खोलीतले हसणे आपोआप थांबले.

त्यांचे वय साठीच्या आतले. नित्य जप, गुरुवारचा सत्संग, कोणाच्याही घरी अडचण असली की डबा घेऊन पोहोचणाऱ्या त्या. यजमान गेल्यानंतर रात्री झोप लागेना. घरात सर्दीसाठी ठेवलेली ब्रँडी होती. दोन चमचे कोमट पाण्यातून घेतली, झोप लागली. पुढे दोन चमच्यांचा अर्धा पेला झाला, आणि मग संध्याकाळपासूनच मन त्या कपाटाकडे लागू लागले. चार वर्षे हे कोणालाही ठाऊक नव्हते; मुलालाही नाही, आम्हालाही नाही. हा लेख त्यांच्या परवानगीने, त्यांची ओळख न देता लिहीत आहे. त्या रात्री त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आमच्यापैकी कोणालाच धड देता आली नव्हती. नंतर डॉक्टरांकडून आणि वाचनातून जे समजले, ते सर्वांपर्यंत पोहोचावे.

हा विषय आपल्या घरातला आहे का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी १८.८ टक्के मद्यपान करतात असे आढळले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण १.३ टक्के होते. आकडा लहान वाटतो. परंतु देशातील स्त्रियांची संख्या लक्षात घेतली, तर एवढे टक्के म्हणजे काही लाख नव्हेत, त्याहून बऱ्याच अधिक स्त्रिया होतात. शिवाय हा आकडा सर्वेक्षकाच्या तोंडावर 'हो' म्हणणाऱ्या स्त्रियांचा आहे. आमच्या ताईंनी 'हो' म्हटले असते का?

याच सर्वेक्षणातील आणखी एक गोष्ट आपला गैरसमज दूर करणारी आहे. दारू पिणारी स्त्री म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महानगरातील तरुणी येते आणि मग संस्कृतीच्या ऱ्हासावर भाषण सुरू होते. प्रत्यक्षात शहरी स्त्रियांमध्ये हे प्रमाण ०.६ टक्के, तर ग्रामीण स्त्रियांमध्ये १.६ टक्के आहे. मोहाची, ताडीची, घरी गाळलेली दारू, दिवसभराच्या अंगमेहनतीनंतरचे दुखणारे अंग, यांचा त्यात मोठा भाग आहे. म्हणून या विषयात बोट दाखवण्याची घाई करू नये.

आपल्याकडील दारूविरोधी चळवळी स्त्रियांनीच उभ्या केल्या. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, चंद्रपुरात २०१५ साली झाली (ती २०२१ मध्ये उठवली गेली), आणि त्यामागे गावोगावच्या स्त्रियांचा रेटा होता. 'आडवी बाटली'साठी मतदान करून कितीतरी गावांतील स्त्रियांनी दुकाने बंद पाडली. वाराणसीजवळच्या खुशियारी गावातही स्त्रियांनी हिरव्या साड्या नेसून, हातात काठ्या घेऊन दारू व जुगाराविरुद्ध गट उभा केला. हे सारे लढे नवऱ्याच्या, मुलाच्या बाटलीविरुद्धचे होते आणि ते रास्तच होते. त्याच सर्वेक्षणानुसार ज्यांचे पती वारंवार दारूच्या नशेत असतात, अशा सुमारे ७० टक्के स्त्रियांना पतीकडून हिंसा सोसावी लागते. मात्र या सगळ्यात एक गोष्ट झाली. दारू ही पुरुषाची आणि तिचा त्रास स्त्रीचा, असे आपल्या मनात पक्के बसले. मग जिच्या स्वतःच्या हातात पेला आहे, तिला बोलायला जागाच उरली नाही.

पेला तोच, शरीर वेगळे

ताईंचा पहिला प्रश्न होता, "आमचे दीर रोज घेतात, ठणठणीत आहेत. मी त्यांच्या निम्मीही घेत नाही. मग मलाच का त्रास?"

याचे उत्तर साध्या हिशोबात आहे. दारूतील मद्यार्क पाण्यात मिसळतो, चरबीत फारसा मिसळत नाही. पुरुषाच्या शरीरात वजनाच्या सुमारे ६० टक्के पाणी असते, स्त्रीच्या शरीरात सुमारे ५० टक्के, कारण निसर्गाने तिला चरबीचा अंश अधिक दिलेला आहे. आता ७० किलो वजनाचा पुरुष आणि ५५ किलो वजनाची स्त्री घ्या. पुरुषाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी झाले, स्त्रीच्या शरीरात साडेसत्तावीस लिटर. दोघांनी २० ग्रॅम मद्यार्क घेतला, तर स्त्रीच्या शरीरात त्याची तीव्रता पुरुषाच्या जवळजवळ दीडपट होते. एकच चमचा मीठ मोठ्या पातेल्यात टाकले आणि लहान पातेल्यात टाकले, तर आमटी कोणती खारट होईल, ते स्वयंपाक करणाऱ्यांना सांगायला नको.

दुसरे कारण जठरात आहे. मद्यार्काचे विघटन करणारा एक पाचक घटक जठराच्या अस्तरात असतो. तो स्त्रियांमध्ये कमी काम करतो, म्हणून अधिक मद्यार्क न मोडता थेट रक्तात जातो, असे इटली व अमेरिकेतील संशोधकांनी १९९० साली दाखवले. हा फरक नेमका किती, यावर पुढे मतभेद झाले. पाण्याचा हिशोब मात्र कोणी नाकारलेला नाही.

२० ग्रॅम म्हणजे किती, हेही समजून घ्यावे. व्हिस्की, ब्रँडी, रम यांच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. "बिअर म्हणजे काही दारू नव्हे" असे म्हणणाऱ्यांनी ६५० मिलिलिटरच्या 'स्ट्राँग' बिअरची बाटली हातात घेऊन त्यावरचा टक्का वाचावा. ८ टक्के असेल, तर त्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेगांइतका मद्यार्क आहे.

कमी काळात अधिक हानी

स्त्रिया बहुधा पुरुषांपेक्षा उशिरा पिऊ लागतात, कमी पितात. पण पहिल्या पेल्यापासून व्यसनापर्यंतचा आणि व्यसनापासून आजारापर्यंतचा त्यांचा प्रवास लवकर होतो. जुन्या दुर्बिणीच्या नळ्या एकीत एक सरकवून ती आखूड करतात, तसे हे आहे. वैद्यकात याला 'टेलिस्कोपिंग' असेच नाव आहे.

यकृताचे उदाहरण सर्वांत ठळक. यकृतावर चरबी साठणे, त्याला सूज येणे आणि शेवटी ते कडक व निबर होणे (सिरॉसिस), या पायऱ्या स्त्री कमी प्रमाणात आणि कमी वर्षांत चढते. यकृत बराच काळ तक्रार करत नाही, ही त्यातली खरी फसवणूक. थकवा, भूक मंदावणे, मळमळ ही लक्षणे आपण 'वयाप्रमाणे होतेच' म्हणून सोडून देतो. पोटात पाणी होते, डोळे पिवळे होतात, तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. हृदयाचे स्नायू दुबळे होणे, स्मरणशक्तीवर परिणाम होणे, हेही स्त्रियांमध्ये कमी मात्रेत घडू शकते. पाळी अनियमित होणे, गर्भधारणेत अडचण येणे, रजोनिवृत्तीनंतर हाडे अधिक ठिसूळ होणे हे आणखी परिणाम. साठीतल्या बाईचा रात्री न्हाणीघरात तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. तेव्हा घरचे फरशीला दोष देतात.

स्तनाच्या कर्करोगाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण हे फार थोड्या स्त्रियांना ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध २००७ मध्ये या संस्थेने मान्य केला. शरीरात मद्यार्काचे ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींतील जनुकद्रव्याला इजा करते. शिवाय मद्यामुळे स्त्रीच्या रक्तातील इस्ट्रोजेनचे प्रमाण वाढते. रोज सरासरी एक पेग घेणाऱ्या स्त्रीमध्ये हा धोका न पिणारीपेक्षा ७ ते १० टक्क्यांनी वाढतो, आणि प्रमाण वाढेल तसा तो चढत जातो. म्हणजे 'थोडीशीच' घेणारीही यातून सुटत नाही. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच म्हटले, की मद्याचे आरोग्यासाठी निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. रेड वाइन हृदयाला चांगली, असे अजूनही सांगितले जाते. त्या सल्ल्यात स्तनाचा विचार केलेला नसतो.

पण येथे एक विनंती. दारूचा थेंबही न घेतलेल्या असंख्य स्त्रियांना हा कर्करोग होतो. कोणा भगिनीला तो झाला, तर तिच्या सवयींची चौकशी करायला जाऊ नये.

गर्भ, अंगावरचे दूध आणि घरगुती ब्रँडी

काशी ही आयुर्वेदाच्या परंपरेत धन्वंतरी दिवोदासाची नगरी. सुश्रुताने येथे त्याच्याकडून शल्यविद्या घेतली असे मानतात. आजही बनारस हिंदू विश्वविद्यालयात आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद ही दोन्ही शास्त्रे एकाच आवारात शिकवली जातात. म्हणून येथे दोन्हींचे म्हणणे शेजारी ठेवावेसे वाटते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भाला बाधक गोष्टींची यादी आहे. नित्य मद्यपान करणाऱ्या गर्भवतीचे मूल सतत तहानलेले, स्मरणशक्तीने कमी आणि चित्ताने अस्थिर होते, अशा आशयाचे विधान त्यात आहे. आधुनिक वैद्यकात ही गोष्ट फार उशिरा नोंदली गेली. १९६८ मध्ये फ्रान्समधील नान्त शहरातील डॉक्टरांनी आणि १९७३ मध्ये अमेरिकेतील सिॲटलच्या डॉक्टरांनी मद्यपी मातांच्या मुलांचे वर्णन केले: जन्मतः कमी वजन, लहान डोके, पातळ वरचा ओठ, आणि पुढे शिकण्यात व लक्ष एकाग्र करण्यात अडचण. चरकाचे 'स्मरणशक्तीने कमी, चित्ताने अस्थिर' हे शब्द येथे आठवतात.

आईच्या रक्तातील मद्यार्क वारेतून सरळ गर्भात जातो. गर्भाचे यकृत अपक्व असते, त्याला ते विष मोडता येत नाही. झालेली हानी जन्मभराची असते, ती भरून काढणारे औषध नाही. पण गर्भारपणात मद्य पूर्ण टाळले, तर ती होतच नाही. पहिल्या काही आठवड्यांत, गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वीच मेंदूची घडण सुरू झालेली असते. त्यामुळे मूल हवे असणाऱ्या स्त्रीने आधीपासूनच थांबावे. नकळत घेतले गेले असेल, तर घाबरून न जाता त्या दिवसापासून थांबावे आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

अंगावरच्या दुधात मद्यार्काचे प्रमाण रक्ताइतकेच असते. दूध वाढावे किंवा अंगात ऊब राहावी म्हणून बाळंतिणीला ब्रँडी देण्याची चाल काही घरांत अजून आहे. तिने दूध वाढत नाही. उलट दूध उतरण्याची क्रिया मंदावते. बाळाला सर्दी झाली की ब्रँडीचा थेंब चाटवणे तर पूर्णपणे बंद व्हायला हवे.

येथे वाचक विचारतील, मग दशमूलारिष्टाचे काय? प्रश्न योग्य आहे. आसवे आणि अरिष्टे आंबवून तयार होतात, त्यांत स्वाभाविकपणे मद्यार्क निर्माण होतो. तो साधारण ५ ते १२ टक्के असतो. २० मिलिलिटरच्या एका मात्रेत तो फार तर दोन ग्रॅमपर्यंत जातो. वैद्यांनी सांगितलेल्या मात्रेतील औषध आणि मद्यपान एकच नव्हे. तरीही गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने ते आपल्या मनाने घेऊ नये, आणि दारू सोडलेल्या व्यक्तीने तर वैद्यांना आपला इतिहास सांगितल्याशिवाय मुळीच घेऊ नये. सुटलेली ओढ तेवढ्यानेही जागी होऊ शकते. दारू सोडवण्याच्या काही गोळ्या चालू असताना तेवढ्या मद्यार्कानेही तीव्र त्रास होतो.

काळभैरवाला मद्य वाहण्याची प्रथा काशीत आहे, ती पाहून यात्रेतील काहींच्या मनात गोंधळ होतो. देवाला काय चालते, हा त्याच्या उपासनेचा विषय. आपले यकृत भैरवाचे नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

"मला फक्त झोपेसाठी हवी असते"

ताईंचे हे वाक्य मला सर्वांत जास्त लागले, कारण त्यात खोटेपणा नव्हता. मद्याने डोळा लवकर लागतो हे खरे. पण रात्रीच्या उत्तरार्धात त्याचा अंमल उतरतो, तशी झोप तुटू लागते. माणूस दोन-तीन वाजता घाम येऊन, छाती धडधडत जागा होतो. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून वाफा येणाऱ्या स्त्रीला हे दुप्पट जाणवते. मग उद्या झोप यावी म्हणून थोडी अधिक घेतली जाते. झोपेच्या किंवा मनःशांतीच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांच्या जोडीने मद्य घेणे जिवावर बेतू शकते. दोन्हींनी श्वास मंदावतो.

खरे दुखणे झोपेचे नव्हतेच. यजमान गेल्यावर तेराव्यापर्यंत घर भरलेले होते, चौदाव्या दिवसापासून रिकामे. त्या रिकाम्या घरात संध्याकाळी सात ते दहा काय करायचे, हे आमच्यापैकी कोणी त्यांना विचारले नाही. सत्संगात त्या नेहमी इतरांसाठी हजर असत, म्हणून त्या बऱ्या आहेत असे आम्ही धरून चाललो.

संकल्प घ्यावा, पण एकटीने नव्हे

त्या रात्री आमच्यातील दोघी-तिघी उत्साहाने म्हणाल्या, "उद्या पहाटे गंगेत उभे राहून संकल्प करा आणि आजपासून एक थेंबही घेऊ नका." भावना चांगली होती, सल्ला धोक्याचा. रोज बऱ्याच प्रमाणात पिणाऱ्या व्यक्तीने दारू एकाएकी थांबवली, तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. काहींना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, आणि ती अवस्था उपचारांविना प्राणघातक ठरू शकते. हे इच्छाशक्तीच्या अभावामुळे होत नाही. मेंदूला वर्षानुवर्षे ज्याची सवय लागली, ते अचानक काढून घेतल्यामुळे होते. योग्य औषधे आणि 'ब१' जीवनसत्त्व देऊन डॉक्टर हा काळ सुखरूप पार करून देतात.

आमच्या गटात एक निवृत्त परिचारिका होत्या म्हणून बरे. त्यांनी ताईंना विचारले, "सकाळी उठल्यावर हात कापतात का?" ताईंनी मान हलवली. त्यांच्या पिशवीत, गंगाजलासाठी आणलेल्या तांब्याच्या लोटीशेजारी, एक छोटी बाटली होती. यात्रेतही ती लागत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांना घेऊन शहरातील एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ना उपदेश केला, ना आश्चर्य दाखवले. तपासले, रक्त घेतले, औषधे दिली, आणि गावी परतल्यावर उपचार कसे चालू ठेवायचे ते लिहून दिले.

उपचार कोठे मिळतात, हे प्रत्येक केंद्रात ठाऊक असावे. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे शासनाचे मोफत दूरध्वनी क्रमांक आहेत. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने २००९ मध्ये 'निशिगंध' हा केवळ स्त्रियांसाठीचा विभाग उघडला. अशी सोय वेगळी का लागते, हे ताईंच्या एका वाक्यातून कळले. त्या म्हणाल्या, "पुरुष दवाखान्यात गेला की बायको डबा घेऊन जाते. मी गेले तर माझ्यामागे कोण येईल?" त्यांना पंधरा दिवस उपचारांसाठी राहावे लागले, तेव्हा आमच्यातील भगिनींनी डब्याची पाळी लावून घेतली. मुलाला सांगण्याचे काम सर्वांत अवघड गेले; तो आधी रागावला, मग दोन दिवसांनी स्वतः येऊन आईजवळ बसला.

जप आणि सत्संग यांनी त्यांना पुष्कळ बळ दिले, असे त्या सांगतात. औषधेही त्यांनी वेळेवर घेतली. मध्ये एकदा, यजमानांच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात, पाय घसरला. त्यांनी त्याच रात्री फोन केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. आता संध्याकाळी सातला आमच्यापैकी एकजण त्यांच्याकडे जाते. दोघी मिळून दुसऱ्या दिवशीची भाजी निवडतात, गप्पा होतात.

काशीत काय सोडले, असे केंद्रात नव्याने आलेल्या कोणी विचारले, की त्या "वांगी" म्हणून सांगतात. वांगीही त्या तेव्हापासून खरोखरच खात नाहीत.